उडवून टाका म्हणणारा

बडा बाजारातला आमचा कंप्यूटरवाला कोणत्याही दुखण्यावर एकच औषध सांगतो, "उड़ा दीजिए, बाबूजी." फोटो उडवा, खेळ उडवा. सांगताना कंप्यूटरच्या डब्यावर तळहात ठेवतो, ताप बघितल्यासारखा.

आमच्या हिने शहर वसवायच्या खेळात भलंमोठं शहर वसवलं. ती गेल्यापासून मी ते रोज उघडतो, पण त्यातली माणसं अडखळत चालायला लागली. नवं ग्राफिक कार्ड घातलं तरी तेच. म्हणून त्याला घरी बोलावलं. त्याने पडद्यावरचे आकडे पाहिले आणि म्हणाला, "बॉटलनेक है."

"आमच्या घरात बाटली कधी आली नाही," मी सुनावलं.

तो हसला नाही. म्हणाला, कार्ड रिकामं बसलंय, प्रोसेसर मरतोय. इतक्या माणसांना चालवायचं काम त्या एकट्याचं. "आधा शहर उड़ा दीजिए."

"हिने वसवलंय ते."

त्याने माउसवरचा हात काढला. थोड्या वेळाने परत ठेवला आणि खेळाचा वेग अगदी कमी केला. माणसं सुरळीत चालू लागली.

"धीरे चलाइए, बाबूजी. आपको कौन-सी जल्दी है?"

"जल्दी तिलाच होती," मी म्हणालो.