खुर्चीवरचा खेळाडू

टीव्हीवर स्नूकर लागलं की माझी बायको वैतागते. ती साताऱ्याकडच्या माण तालुक्यातली, शेतकऱ्याची लेक. तिला कुस्ती कळते. मला मात्र वेल्सचा एक जुना खेळाडू फार आवडतो. एकेकाळी तो मोठमोठ्या स्पर्धा जिंकायचा. आता पन्नाशीत पहिल्याच फेरीत हरतो, तरी दरवर्षी येतो.

स्नूकरमध्ये समोरच्याचे चेंडू टेबलाच्या भोकांत पडत राहिले, तर आपली पाळीच येत नाही. त्या दिवशी एक पोरगा सगळं टेबल साफ करत होता आणि माझा म्हातारा खुर्चीवर होता.

"अवो, ह्यो तर नुसता बसलाय! ह्याला पैकं कशाचं देत्यात?"

"नीट बसणं हासुद्धा खेळच आहे," मी खेकसलो.

पोराने शेवटचा चेंडू घातला, तेव्हा म्हाताऱ्याने हातातली काठी टेबलाच्या कडेवर हलकेच आपटली. त्या खेळात शाबासकी अशीच देतात.

पुढे चाकणच्या आमच्या कंपनीत माझ्या वेल्डिंगच्या जागी रोबो आला. मला काढलं नाही, स्टूल दिलं. रोबो अडला तर बटण दाबायचं. तो दिवसभर अडला नाही. वेल्डिंग तर इतकं सुरेख, की नकळत मी पान्याने स्टूलवर टकटक केली. मग माझाच राग आला. शाबासकी घ्यायला समोर होतं कोण?

संध्याकाळी बायकोने विचारलं, "आज काय केलं?"

"नुसता बसलो होतो."

तिने चहा पुढे केला. पैशांचं काही विचारलं नाही.