कायमचा पत्ता

ज्याने पॅलेस्टाईन नकाशातसुद्धा नीट पाहिलेलं नाही, त्याने तिथल्या निर्वासितांवर लिहू नये, हे मला कळतं. म्हणून आधीच माफी मागतो. पण एक अर्ज मी भरला होता आणि तो चुकवलाही मीच, तेव्हा निदान तेवढं तरी सांगायला हवं.

मी शिष्यवृत्तीवर सिडनीला आलो आणि तिथल्या टूनगॅबी उपनगरात दोन पुणेकर आयटीवाल्यांबरोबर राहू लागलो. शेजारच्या युनिटमध्ये एक पॅलेस्टिनी गृहस्थ एकटेच राहायचे. निवृत्त सुतार, आमचे सगळ्यांचे अंकल. लॉकडाऊनमध्ये घरापासून पाच किलोमीटरच्या बाहेर जायला बंदी आली, तेव्हा आमचे आयटीवाले घुसमटून गेले. अंकल मात्र बाल्कनीत पुदिन्याला पाणी घालत म्हणाले, "पाच किलोमीटर? आमचा अख्खा कॅम्प एकातच संपायचा. सरकार दिलदार आहे, mate!"

आईवडील पॅलेस्टाईनमधलं गाव सोडून आलेले, त्यांचा जन्म लेबनॉनमधल्या निर्वासित कॅम्पातला. धाकटी बहीण अजून तिथेच, विधवा, गळक्या छताच्या एका खोलीत. तिला सिडनीला आणायचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि लायब्ररी बंद होती.

"प्रोफेसर, तू शिकलेला आहेस. तूच भर."

मी युनीत समाजकार्य शिकत होतो. त्याच आठवड्यात 'निर्वासितांसाठी टिकाऊ उपाय' या विषयावर लेक्चर झालं होतं, सगळ्यांचे कॅमेरे बंद असताना. शिवाय आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, त्यामुळे छापील प्रश्न दिसला की मी सावधान उभा राहतो.

बाल्कनीच्या कठड्यावर लॅपटॉप ठेवला. पलीकडून अंकल सांगत होते, मी टाइप करत होतो. तात्पुरता पत्ता: कॅम्प. कधीपासून? मी बहिणीचं जन्मवर्ष टाकलं. स्क्रीन लाल झाली. तात्पुरता मुक्काम बारा महिन्यांहून अधिक असू शकत नाही.

"त्यांना कळव," अंकल म्हणाले, "आमच्या वडिलांनाही असंच वाटलं होतं."

दुसऱ्या कोणीही कॅम्पलाच कायमचा पत्ता करून टाकला असता. पण मी मुंबईच्या ट्रान्झिट कॅम्पात वाढलोय. मी दुसरीत असताना आमची इमारत पाडली. अठरा महिन्यांत नवी मिळणार होती. मी ऑस्ट्रेलियाला पोचलो, इमारत अजून पायाच्या वर आलेली नाही. आमच्याकडे कुठल्याही कागदावर कायमचा पत्ता पाडलेल्या इमारतीचाच लिहितात, खोली नंबरासकट. तरी खात्री करावी म्हणून आईला फोन लावला.

"वेडा आहेस का? कॅम्पचा पत्ता कायमचा म्हणून लिहायचा नाही! हक्क जाईल बाईचा. मूळ गाव घाल तिचं."

"आई, ते गाव आता नाहीये."

"मग आपली बिल्डिंग तरी कुठाय?"

मी फोन ठेवून लेक्चरच्या नोट्स बंद केल्या.

मी अंकलना आईचा सल्ला सांगितला. त्यांनी खुर्ची कठड्याजवळ ओढली. मग एकेक अक्षर सावकाश सांगत गेले: गाव, गल्ली, विहिरीजवळचं घर. मी बरोबर लिहिलंय ना, हे पाहायला त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. तात्पुरत्या पत्त्याचा रकाना मी कोराच ठेवला. हिरवी खूण आली. मी इतका खूश झालो की या अनुभवावर निबंधही लिहिला. त्याला चांगले गुण मिळाले.

त्यानंतर काहीच नाही. लॉकडाऊन उठला, आयटीवाले जवळच्या पेंडल हिलला डोसा खाऊन आले, माझं पुढचं सत्र संपत आलं. अंकलनी रिकाम्या खोलीत बहिणीसाठी लाकडी पलंग केला आणि रोज टपालपेटी उघडत राहिले. तिचा फोन आला की मला बाल्कनीतून ऐकू यायचं. शब्द कळायचे नाहीत, पण ती काय विचारतेय ते कळायचं. मी बाल्कनीत जाणंच सोडलं.

एका arvoला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, अंकलनी कठड्यावर धडाधड हात आपटला, तेव्हा मी बाहेर आलो. व्हिसा कार्यालयाचा फोन आला होता. पत्र कधीच निघालं होतं, अर्जातल्या एकुलत्या एका पत्त्यावर. कित्येक महिन्यांनी ते परत आलं, 'पत्ता सापडला नाही' असा शिक्का घेऊन. मग कोणीतरी फाइल उघडली आणि त्यांना अंकलचा नंबर दिसला.

 "अंकल, सॉरी, चूक माझी..."

ते तर हसत होते, डोळे पुसत. "प्रोफेसर, सत्तर वर्षांत आमच्यापैकी कोणालाही गावाकडे फिरकता आलं नाही. तुझं पाकीट निदान निघालं तरी!"

"पण पत्रात होतं काय?"

"मंजूर. ती येतेय."