राऊत सरांची शनिवारची शर्यत

राऊत सर गेल्याचं त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, फोनवर सांगितलं तेव्हा मी ऑफिसात होते. त्याला आता दीड महिना होईल. फोन ठेवला आणि पुढचा तासभर समोरचा प्रोग्रॅम तपासत बसले... एक ओळही डोक्यात शिरली नाही.

विरारजवळ बोळिंजला सरांच्या घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास चालायचा. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही नुकतेच साताऱ्याहून विरारला राहायला आलो होतो. खोलीत तीन मशीन होती: २८६, ३८६ आणि नवंकोरं ४८६. आकडा मोठा तसं मशीन वेगवान. दर शनिवारी सर तिन्हींवर एकच प्रोग्रॅम लावायचे, दहा हजारांपर्यंतच्या मूळ संख्या शोधायचा, आणि मनगटावरच्या घड्याळात बघून प्रत्येक मशीनची वेळ वहीत टिपायचे. क्रिकेटच्या मॅचइतका रस होता त्यांना त्यात. मी सगळ्यांत शेवटी नाव घातलं, म्हणून माझ्या वाट्याला २८६ आलं. ‘वैशालीचं उत्तर दिवाळीला येईल,’ असं मुलं म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचे. पण एका शनिवारी सगळे गेल्यावर म्हटलं, “सर, मी उद्यापासून येत नाही. मशीन हळू आहे... आणि मीपण.”

“चुकलंच माझं, नुसती मशीनचीच शर्यत लावत बसलो,” सर म्हणाले आणि स्टूल ओढून शेजारी बसले. “कागद घे. एखाद्या संख्येला दोनने भाग जात नाही हे कळल्यावर तिला चारने, सहाने कशाला भागून बघायचं?”

आठवडाभर मी कागदावर नको ते भागाकार गाळत राहिले. पुढच्या शनिवारी सरांनी तिन्ही मशीन एकदम सुरू करायला लावली. माझ्या मशीनवर माझा प्रोग्रॅम, बाकी दोन्हींवर नेहमीचा. २८६ थांबलं तेव्हा ४८६ अजून मोजतच होतं. सरांनी घड्याळ बंद तर पडलं नाही ना, म्हणून कानाला लावून पाहिलं. मग वहीतला ‘२८६’ खोडून तिथे ‘वैशाली’ लिहिलं.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, क्लास बंद झाला. दोन वर्षांपूर्वी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलता यायचं, पण एकेका शब्दाला फार वेळ लागे. भेटायला येणारे घाईने त्यांचं वाक्य पुरं करून टाकत आणि सर नुसती मान हलवत. शेवटच्या भेटीत मीही तेच करायला गेले, तर काकू हलकेच म्हणाल्या, “थांब गं. येतंय त्यांचं.”

मी थांबले. चहा निवला.

“सध्या... काय... लिहितेस?” त्यांनी विचारलं. मग मी सांगत गेले आणि ते ऐकत राहिले.

परवा ऑफिसात नव्याने आलेली मुलगी काहीतरी विचारताना अडखळली. शेजारच्याने तिचं वाक्य पुरं करायला तोंड उघडलं. मी हातानेच त्याला थांबवलं, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि बसून राहिले.