डोंगावाली पडद्यावर येईल म्हणून

डी.एड. करून मी घरी आले आणि शिक्षकभरतीची वाट पाहत बसले. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल शहरापासून जवळ, धानाच्या पट्ट्यातलं. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत आमच्याकडे कोणी मुलीला घरी बसू देत नाही, त्यामुळे मीही आईसोबत चिखलात उतरले. माझा हात इतका हळू चालायचा की शेजारच्या बाईच्या चार ओळी होईपर्यंत माझी एक व्हायची, आणि तीही वाकडी. आई काही बोलायची नाही, नुसती माझ्या ओळीकडे बघायची. त्यापेक्षा बोललेली परवडली असती.

त्या दिवसांत मी एका पुस्तकाच्या नादी लागलेली होते. इंग्रजीतून मराठीत आलेलं, उशीएवढं जाड. एक जादूगार एका देशाची नदी चोरतो आणि बाटलीत कोंडून ठेवतो. मेंढ्या राखणारी एक मुलगी ती नदी परत आणायला निघते. वाटेत लोखंडी पिसांचा पक्षी भेटतो, बोलणारे दगड भेटतात, मग काळं तळं लागतं आणि तळ्यापलीकडे जादूगाराचा किल्ला. मी ते पुस्तक चारदा वाचलं होतं. काही पानं पाठ होती. एका दुपारी बांधावर शिदोरी सोडल्यावर मी सहज त्यातलं थोडं सांगितलं, आणि जेवण झाल्यावर बाया पुन्हा कामाला वाकल्या तरी म्हणाल्या, सांगत राहा, तुझी ओळ आम्ही लावतो.

एवढा चांगला सौदा मला आयुष्यात मिळाला नव्हता. मी बांधावर उभी राहून रोपांच्या जुड्या फेकायचे आणि गोष्ट सांगायचे. सात-आठ बाया पाठमोऱ्या वाकलेल्या, हात सपासप चाललेले, आणि कान माझ्याकडे. पक्ष्याची पिसं वाजली की कुणीतरी वाकूनच विचारायचं, कशी वाजली, भांड्यासारखी की घुंगरासारखी. पुस्तकात ते लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, भांड्यासारखी.

त्या बायांत एक मावशी होत्या. आमच्या नात्यातल्या नव्हेत, पण सगळं गाव त्यांना मावशीच म्हणतं. त्यांचं घर तलावातल्या मासोळीवर चालतं. त्यांच्या सासऱ्यांचा डोंगा होता, लाकूड कोरून केलेली आमच्याकडची होडी, आणि नदीला पूर नसला की ते माणसं पलीकडे पोचवायचे. मावशी स्वतः डोंगा चालवायच्या. गोष्ट काळ्या तळ्यापाशी आली तेव्हा मी सांगितलं की काठावर एक म्हातारी होडीवाली बसलेली असते, ती मुलीला पलीकडे नेऊन सोडते, आणि मुलगी किल्ल्याकडे चालू लागते.

मावशी सरळ उभ्या राहिल्या. कमरेवर चिखलाचा हात ठेवून त्यांनी विचारलं, "मंग थे डोंगावाली कुठी गेली?"

मी म्हटलं, कुठे जाईल, परत आली असेल.

"एकटीच? काळ्या पान्यातून? आन् जादूगारानं तिले काही केलं नाई?"

पुस्तकात त्या होडीवालीचं काम दीड पानात संपतं. तिला चेहरा नाही, घर नाही, बोलायला दोन वाक्यं. पण सगळ्या बाया थांबलेल्या होत्या, आणि काम थांबलं म्हणून आई माझ्याकडे बघत होती. म्हणून मी म्हटलं, नाही, ती परत आलीच नाही. तिनं डोंगा वेताच्या झाडीत लपवला आणि मुलीच्या मागे मागे गेली.

तिथून डोंगावाली वाढतच गेली. मावशी विचारायच्या आणि मी सांगायचे. तिचा एक डोळा मासोळीच्या काट्यानं गेलेला होता. जादूगाराचे शिपाई तळं ओलांडायला आले तेव्हा तिनं त्यांना डोंग्यात बसवून मधोमध नेलं आणि डोंगा उलटवला. बाटली फुटली तेव्हा नदी वेड्यासारखी सुटली, तर तिला पात्र दाखवायला हीच पुढे वल्हं घेऊन निघाली. तीन रोवण्या मी ही गोष्ट सांगितली. तिसऱ्या वर्षी शेजारच्या गावच्या बाया वाटेत मला थांबवून विचारत, डोंगावाली सांगते ती तूच का. मला असा काही आनंद व्हायचा की घरी येईपर्यंत मी एकटीच हसत असे.

मग सिनेमाची बातमी आली. कॉलेजात जाणारी माझी चुलत बहीण मोबाइल घेऊन थेट बांधीवर, धानाच्या शेतात, आली आणि म्हणाली, ताई, तुझ्या पुस्तकावर पिक्चर येऊन राह्यला. त्या दोन मिनिटांच्या ट्रेलरनं आमचं पुढचं सगळं काम लांबवलं. मोबाइल हातोहात फिरला. ओल्या बोटानं पडदा चालत नाही म्हणून बाया लुगड्याला हात पुसून घेत होत्या. मेंढ्या राखणारी मुलगी कुणालाच पसंत पडली नाही. फार गोरी, आणि हात असे की कधी टोपलं उचललेलं नाही. जादूगार मात्र सगळ्यांना आवडला, अगदी आपण ठरवला होता तसाच लबाड. पक्षी मोठा होता, पण पिसं वाजतच नव्हती, मागे नुसतं संगीत. आवाज वाढवून पाहिला तरी नाही.

आणि मग पापणी लवेल एवढ्या वेळात एक काळी होडी दिसली. वल्ह्यावर एक हात. बस्, हातच.

बहिणीनं चित्र थांबवलं. सगळ्या डोकी जोडून तो हात बघू लागल्या. एक बाई म्हणाली, हा तर माणसाचा हात, बाईचा नाही. दुसरी म्हणाली, म्हातारीचे हात असेच होतात. माझी आई, जिनं आजवर गोष्टीबद्दल मला एक शब्द विचारला नव्हता, ती मागून वाकून म्हणाली, "बाईचाच हात आहे. वल्हं कसं धरलं पाह्य ना." मावशींनी मान हलवली, आणि प्रश्न मिटला.

मी हळूच सांगून पाहिलं की सिनेमात पुस्तकातलं सगळं घेत नाहीत, बरंच गाळतात. मावशी म्हणाल्या, बाकीचं गाळतील, तिले कसे गाळतील, तिच्याबिगर नदी येईन कशी? त्यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते देण्याची हिंमत नव्हती.

रोवणी संपली त्या आठवड्यात आम्ही चंद्रपूरला गेलो. एक काळीपिवळी जीप ठरवली. आई, मावशी, चुलत बहीण, मी आणि बांधीवरच्या आणखी पाच जणी. लग्नाला निघाल्यासारख्या सगळ्या नेसून आलेल्या. मी पुस्तक पिशवीत घेतलं होतं. का घेतलं ते नक्की सांगता येणार नाही, बहुधा वकील कागद घेऊन जातो तसं. चिचपल्लीचं जंगल लागलं तरी गाडीत एकच विषय, पहिल्यांदा डोंगावाली कोणत्या बाजूनं येईल. गाडीवाले भाऊ आरशातून बघत होते. तुम्ही कोणाले आणायले जाऊन राह्यले, असं त्यांनी विचारलं, तेव्हा नऊ जणी एकदम हसल्या आणि कुणीच काही सांगितलं नाही.

थिएटरात थ्रीडीचे चष्मे मिळाले. ते घालून सगळ्या एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की पुढच्या ओळीतला माणूस वळून बघू लागला. मग दिवे गेले, आणि खरं सांगते, पहिला अर्धा तास मी सगळं विसरले. मेंढ्या डोंगरावरून उतरल्या तशा त्या आमच्या मांडीवरच येणार असं वाटलं. कोरड्या नदीच्या पात्रात ती मुलगी उभी राहिली तेव्हा माझ्या बाजूची बाई पुटपुटली, बरोबर आहे, अशीच. गोरेपणा तिला माफ झाला होता. आणि लोखंडी पक्षी उतरला तेव्हा त्याची पिसं वाजली. भांड्यासारखी. सगळी ओळ माझ्याकडे वळली. मला उठून नाचावंसं वाटलं, जसं काही ते मीच वाजवलं होतं.

मध्यंतरानंतर काळं तळं आलं.

धुकं, पाणी, काठावर मुलगी. आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की मीही पुढे सरकून बसले आहे. मला ठाऊक होतं की होडीवाली दीड पानाची आहे. बाकीची मी बांधावर उभी राहून रचली होती. तरी मी तिच्या एका डोळ्याची वाट बघत होते.

धुक्यातून पक्षी आला. मुलगी त्याच्या पाठीवर बसली आणि तळ्यावरून उडून पलीकडे गेली. होडी नंतर दिसली, काळी होडी, वल्ह्यावर तोच हात. तो जादूगाराच्या शिपायाचा होता. चांगला दाढीवाला शिपाई.

मग मावशी शांतपणे म्हणाल्या, "येईन आता थे."

ती आली नाही. बाटली फुटली, नदी सुटली, ती आपोआपच तिच्या पात्रात गेली, लोक नाचले, पडद्यावर नावं सुरू झाली. बाकीचे लोक उठून गेले. मावशी चष्मा घालून बसून होत्या, म्हणून आम्ही आठही जणी बसून होतो. खालून वर जाणाऱ्या नावांतून ती बाहेर येईल अशा आशेनं त्या बघत होत्या. झाडणारी बाई झाडू घेऊन आमच्या ओळीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली.

मला आता राहवेना. "मावशी, थे येनार नाई," मी म्हटलं. "पुस्तकात थे दीडच पान आहे. बाकीची मी आपल्या मनानं सांगितली."

मावशींनी चष्मा काढला. "काऊन सांगितली?"

"तू विचारत होती म्हणून."

मला वाटलं, आता झालं, तीन वर्षं हिनं आपल्याला फसवलं असं म्हणतील, आणि पुढच्या वर्षी मला माझी ओळ स्वतः लावावी लागेल. आईचा चेहरा मला दिसत नव्हता. मावशी उठल्या, लुगडं झटकलं आणि म्हणाल्या, पुस्तक आहे ना तुयापाशी, थे दीड पान वाच.

थिएटरबाहेर पायरीवर मी ते दीड पान वाचलं. एवढ्या घाबऱ्या आवाजात मी मुलाखतीतही कधी बोलले नाही. वाचायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पान संपल्यावर मावशींनी विचारलं, बस्? मी म्हटलं, बस्. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, उलटून मागच्या बाजूचा लेखकाचा फोटो नीट पाहिला.

"याले डोंगा चालवता येत नसन," त्या म्हणाल्या. "म्हणून उरकवलं त्यानं."

आधी माझी चुलत बहीण हसली. मग आई हसली, आणि आई हसायला लागली की तिला थांबता येत नाही, ती पायरीवरच बसली. मावशी सगळ्यांत शेवटी हसल्या. मी हसत होते की रडत होते कुणास ठाऊक, पण माझ्या छातीवरचा धोंडा उतरला होता, आणि चंद्रपूरच्या त्या भर रस्त्यावर नऊ बाया पदर तोंडाला लावून डोलत होत्या.

परतीच्या वाटेवर सिनेमाची झाडाझडती सुरू झाली. पक्षी चांगला. मेंढ्या चांगल्या. नदी आपोआप पात्रात जाते हे कुणालाच पटलं नाही. सुटलेलं पाणी कधी कुणाचं ऐकतं का? तेवढ्यात गाडीवाले भाऊ, जे तीन तास गाडीत झोपले होते, म्हणाले, मले आता तरी सांगा, थे डोंगावाली कोन?

एकदम चार जणी बोलू लागल्या. एक डोळ्यापासून सुरू झाली, दुसरी शिपायांपासून, तिसरी म्हणाली तसं नाही, आधी तिचं लग्न सांगा. मी दचकले. डोंगावालीचं लग्न मी कधीच लावलं नव्हतं. पण आई पुढच्या सीटवरून मागे वळली आणि ते लग्न सांगू लागली. नवरा कोण, तो पुरात कसा गेला, त्याचं वल्हं तिनं कसं शोधून काढलं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. माझी आई, जी माझ्या वाकड्या ओळीकडे नुसती बघायची, तिनं ही एवढी गोष्ट कधी आणि कुणाकुणाला सांगितली होती? मावशी मान हलवत ऐकत होत्या, म्हणजे त्यांना ती ठाऊक होती.

भाऊंनी गाडी हळू केली. मी दोघींच्या मध्ये चेपून बसले होते, एक पाय बधिर झालेला, आणि मला एवढं सुख वाटत होतं की मी श्वासही मोठ्यानं घेत नव्हते. गावाचा फाटा आला, भाऊंनी इंजिन बंद केलं, तरी कोणी उतरेना. शेवटी गाई परत यायची वेळ झाली म्हणून आईलाच उठावं लागलं, आणि गोष्ट वल्हं सापडतं तिथंच राहिली.

पुढचं मी दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी तिच्याकडून ऐकलं. तिनं सांगितलं, पण आधी माझ्याकडून सगळी भाजी निवडून घेतली.