पासवर्ड कोणाकडे आहे?

आमगावला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. शेतातले पंप, पिठाच्या चक्क्या, राइस मिलच्या मोठ्या मोटारी जळून आल्या की त्यात नवी तार भरून देतो. या कामात मला कोणी शिकवावं असं फार उरलेलं नाही. पण जीएसटीतलं मला काही म्हणजे काही समजायचं नाही. म्हणून ते सगळं शाळेपासूनच्या एका मित्राकडे होतं. बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर सेंटर. महिन्याच्या बिलांची पिशवी मी त्याला द्यायचो, सेंटर बंद दिसलं तर शेजारच्या टेलरकडे ठेवायचो. पैशाचं विचारलं की तो म्हणायचा, "राहू दे ना बे." मीही राहू द्यायचो.

एका सोमवारी गोंदियाच्या एका मिलच्या मुनीमाचा फोन आला.

"भाऊ, तुमचा जीएसटी नंबर रद्द दाखवून राहिला. शेठनी काम दुसऱ्याले दिलं."

त्या मिलवर माझा अर्धा हंगाम निघायचा. मित्राला फोन लावला, लागला नाही. मुनीमानंच एका कर सल्लागार बाईंचा पत्ता दिला. दुपारच्या गाडीने गोंदियाला गेलो. कापडाच्या दुकानावर त्यांचं ऑफिस. बसल्या बसल्या मी मित्राच्या नावाने सुरू झालो.

"भैया, वो बाद में," बाई म्हणाल्या. "पहिले हे सांगा, पासवर्ड कोणाकडे आहे?"

"त्याच्याकडे."

"आणि पोर्टलवर मोबाइल नंबर कोणाचा?"

"त्याचाच."

त्यांनी कॉम्प्युटरवर पाहिलं. कितीतरी महिन्यांचे रिटर्न भरलेच नव्हते. नोटीस आली होती, ती त्याच्याच मोबाइलवर. त्यांनी फी कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाल्या, "काम मी करीन. पण मोबाइल नंबर तुमचा टाकायचा. ओटीपी तुमच्या फोनवर येईल. मी काय भरते ते आधी सांगीन. समजलं नाही तर ओटीपी देऊ नका. आता जाऊन पासवर्ड आणा. आणि भांडू नका."

भांडायचं नाही हे काही मी मनावर घेतलं नव्हतं. आमगावला परतलो, सेंटर बंदच होतं. टेलरकडे गेलो तर खिळ्याला माझ्याच पिशव्या एकावर एक टांगलेल्या, गाठीसुद्धा सुटलेल्या नव्हत्या.

"तो नागपूरले होता ना," टेलर म्हणाला. "बायकोचं मोठं ऑपरेशन झालं. परवाच आणलं तिले घरी. तुले मालूम नाही?"

मला माहीत नव्हतं. इतके महिने शटर खाली पाहिलं, पिशवी दिली आणि निघालो. एकदाही विचारलं नाही.

मित्राच्या घरी गेलो तर तो अंगणात पाणी तापवत होता. पार वाळला होता.

"काऊन नाही सांगितलं रे?"

"वाटलं, पंधरा दिवसांत येतो अन् भरतो. मंग लांबतच गेलं. अन् मंग तुले फोन कराची लाज वाटली."

मी फक्त पासवर्ड मागितला. त्याने वहीचं पान फाडून पासवर्ड लिहून दिला. मी आत जाऊन वहिनींना भेटून आलो.

बाईंनी राहिलेले सगळे रिटर्न भरले, जीएसटी नंबर परत सुरू करायचा अर्ज केला. दंड भरावाच लागला. पहिल्या ओटीपीच्या वेळी मी तीनदा विचारलं, "हे काय आहे, मॅडम?" त्यांनी तीनदा सांगितलं. दीड-दोन महिन्यांनी नंबर सुरू झाला. मिलचं काम त्या हंगामात परत आलं नाही. पुढच्या हंगामात दोन मोटारी आल्या, तेवढ्याच.

मित्राशी अजून पहिल्यासारखं झालेलं नाही. भेटतो, चहा घेतो, पण बोलता बोलता दोघंही थांबतो. वहिनी मात्र हिंडू-फिरू लागल्या आहेत. परवा बाजारात वांगी निवडताना दिसल्या. मला हाक मारून म्हणाल्या, "भाऊजी, घरी नाही आले बहुत दिवसांत?"

म्हटलं, येतो, रविवारी.