टाकीवाले पारखे

पप्पा टाकीत होते. वाकले की गायब व्हायचे, उभे राहिले की छातीपर्यंत दिसायचे. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, हातात तारेचा ब्रश, आणि कोपऱ्यातलं शेवाळ निघत नाही म्हणून शिव्या. चर्चमध्ये देता येतील तेवढ्याच. "गाढवा. निघ ना. भुक्कड कुठला."

बाहेरून प्रकाशम अंकल आले. स्कूटरचं हेल्मेट काखेत.

"पारखे, कल पानी गरम रखना. पिछली बार हमारी बुढ़िया लोग बाहर आके पहले तुमको गाली दिया, बाद में प्रभु को धन्यवाद दिया."

"किती जण आहेत?"

"ग्यारह. एक बहुत मोटा है. पानी थोड़ा कम भरना, नहीं तो आगे की लाइन का सबका बपतिस्मा हो जाएगा."

पप्पा टाकीतच हसले. आतून आवाज घुमला.

ही जानेवारी २०११ ची गोष्ट. मी दहा वर्षांची होते, पहिल्या बाकावर बसून शेंगा खात होते.

आमचं चर्च टाउनशिपमध्ये. पप्पा, म्हणजे अच्युत पारखे, टाउनशिपच्या पाणी विभागात फिटर. अमरावतीकडून नोकरीला भोपाळला आले ते इथलेच झाले. सकाळी साडेपाचला वाल्व उघडायचा, साडेसातला बंद करायचा. अख्ख्या सेक्टरची अंघोळ त्यांच्या हातात. रविवारी तेच चर्चमध्ये डीकन. डीकन म्हणजे पास्टरच्या खालची सगळी कामं करणारा माणूस. खुर्च्या लावा, पंखा दुरुस्त करा, प्रभुभोजनाचं ताट फिरवा, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी घ्यायचा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा कप.

आम्ही बॅप्टिस्ट. आमच्यात बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत. मोठं व्हायचं, स्वतः समजून हो म्हणायचं, मग सगळ्यांसमोर पाण्यात पूर्ण बुडून वर यायचं, हाच बाप्तिस्मा. म्हणून टाकी लागते. ती पास्टरच्या पायाखाली असते. वर सहा फळ्या टाकलेल्या, त्यावर सतरंजी, त्यावर पास्टर विनायक उभे राहून प्रवचन देणार. ते जोरात आले की तिसरी फळी कुईकुई करायची. पप्पा दर महिन्याला तिला खिळा मारायचे, ती परत बोलायची.

भोपाळमध्ये आमच्या ओळखीची तीन बॅप्टिस्ट चर्चेस. आमचं मराठी-हिंदी. प्रकाशम अंकलचं तेलुगू, ते शिवाजी नगरला भाड्याच्या खोलीत सुरू झालं. आणि बाग सेवनियाला ओडिया लोकांचं, एका घराच्या गच्चीवर. टाकी फक्त आमच्याकडे. म्हणून बाप्तिस्मा असला की सगळे आमच्याकडे. तेलुगूवाल्यांची तर उपासनापण दुपारी तीनला आमच्याच हॉलमध्ये. प्रभुभोजनाचे छोटे कप, त्यांचा ट्रे, भाकरीचं ताट, हे पण तिघांत एकच. सकाळी आम्ही वापरायचो, दुपारी प्रकाशम अंकल धुऊन परत भरायचे.

टाकी भरायची, जानेवारीत बंब लावून चार ड्रम गरम पाणी ओतायचं, नंतर सगळं पाणी पाइपने मागच्या पपईच्या झाडांना सोडायचं, हे सगळं पप्पा. तिन्ही चर्चमध्ये त्यांना 'टाकीवाले' म्हणायचे. तेलुगू आज्या तर फक्त 'टंकी'. पप्पांना आवडायचं ते. घरी येऊन आईला सांगायचे, "आज नऊ जण काढले."

"काढले काय! मुळे आहेत का?" आई म्हणायची.

आई स्वतः त्या टाकीत कधी उतरली नाही.

आई, मंगला, नगरकडची. तिचं माहेर दुसऱ्या मंडळीतलं. तिकडे बाळालाच पाणी लावतात. तिला तिच्या आजोबांनी लावलं, ते खेड्यात पाळक होते. ती जन्मली तेव्हा जगेल असं वाटत नव्हतं. आजोबांनी घरातल्याच तांब्यातलं पाणी घेतलं आणि तिचं नाव ठेवलं. तो तांब्या आमच्याकडे होता. आई त्यात काही ठेवायची नाही. नुसता कपाटावर.

लग्नानंतर आमच्या चर्चमध्ये कोणी काही बोललं नाही. जुने पास्टर म्हणायचे, प्रभूवर विश्वास आहे ना, मग घे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पप्पा ताट घेऊन आमच्या बाकापाशी यायचे, आई भाकरीचा तुकडा घ्यायची, मग कप. चौदा वर्षं असंच चाललं.

मग त्याच वर्षी मे महिन्यात टाउनशिपच्या ऑफिसात नवीन साहेब आले. त्यांनी पास्टरना बोलावून विचारलं की जागा एका चर्चला दिलेली आहे, मग रविवारी बाहेरून एवढे लोक कुठून येतात. पास्टर म्हणाले, सगळे एकच आहेत. साहेब म्हणाले, एकच असाल तर कागदावर दाखवा. नाहीतर बाहेरच्यांनी बाहेर.

माणूस चुकीचं बोलला नव्हता. पण आमच्यात एकच असणं हे कागदावर नसतं. आमच्यात बिशप नाही, वरून हुकूम येत नाही, प्रत्येक चर्च आपल्या घरचं मालक. एकत्र राहायचं तर बसून, भांडून, ठरवूनच. तर तिन्ही चर्चचे लोक बसले. जून महिना, आमच्याच हॉलमध्ये, चार शनिवार. संघ करायचा, आणि आपण काय मानतो त्याचा कबुलीनामा लिहायचा. बारा मुद्दे झाले. अकरा मुद्द्यांवर चहासुद्धा थंड झाला नाही. सातव्यावर अडकलं.

सातवा मुद्दा प्रकाशम अंकलच्या चर्चने आणला होता. प्रभुभोजन फक्त पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच. ओडियावाले हो म्हणाले. आमचे लोक पप्पांकडे बघत नव्हते. मतलब इतकं ठरवून बघत नव्हते, की ते बघण्यासारखंच होतं.

प्रकाशम अंकल वाईट माणूस नाही. ते म्हणाले, "पारखे, इसमें भाभी का बात नहीं है. हमारे गाँव में लोग इसके लिए मार खाया है. मेरा नाना को घर से निकाला, क्योंकि वो पानी में गया. मैं कैसे बोलूँ कि चलता है?"

प्रत्येक चर्चमधून दोन डीकनांच्या सह्या लागणार होत्या. आमचे डीकन दोनच. पप्पा आणि भालचंद्र काका, जे क्रेन चालवायचे. पप्पांनी सही केली नाही तर संघ नाही. संघ नाही तर तेलुगूवाले हॉलमधून बाहेर, ओडियावाले टाकीतून बाहेर. आणि केली तर आई भाकरीविना बाकावर बसलेली राहणार.

पास्टर विनायक घरी आले. पोहे खाल्ले. मग म्हणाले, "वहिनी, फक्त एकदा पाण्यात उतरा. दोन मिनिटांचं काम. सगळाच प्रश्न मिटतो."

आईने त्यांची प्लेट उचलली. "पास्टर, तुमचं लग्न झालंय ना?"

"हो."

"मग उद्या परत मांडवात उभे राहा. दोन मिनिटांचं काम."

पास्टर हसले, पण बरेच कमी हसले. आई पुढे म्हणाली, "माझ्या आजोबांनी जे केलं ते झालंच नाही, असं मी चारचौघांत बुडून सांगू? नाही सांगणार."

ते गेल्यावर पप्पांनी तिला एकदाच विचारलं. मी तिथेच होते, गणित करत नव्हते.

"मंगला, काय करू?"

"सही करा."

"आणि तू?"

"मी उतरणार नाही. तुम्ही सही करा. ती माणसं कुठे जातील? गच्चीवर काय टाकी बांधणार?"

"तुला नाही मिळणार मग."

"कळलं मला. मी बहिरी नाही, अहो."

पप्पांनी सही केली. साहेबांकडे कागद गेला, तिन्ही चर्चची नावं लागली. त्या दिवशी हॉलमध्ये तीन भाषांत एकच गाणं म्हटलं आणि शेवटी बिर्याणी होती. प्रकाशम अंकल पप्पांच्या गळ्यात पडून रडले. पप्पा नव्हते रडत. ते बघत होते की बिर्याणीचं पातेलं फळ्यांवर कोणी ठेवलं.

जुलैचा पहिला रविवार. हॉलमध्ये बाकांच्या दोन रांगा. डावी भालचंद्र काकांची, उजवी पप्पांची. आम्ही उजवीकडे चौथ्या बाकावर. भालचंद्र काकांनी सकाळी विचारलं होतं, "अच्युत, आज रांग बदलू या का?" पप्पा म्हणाले, "माझी रांग आहे."

ताट आलं. पप्पांनी आईच्या अलीकडच्या बाईला दिलं, मग हात लांब करून आईच्या समोरून पलीकडच्या बाईला. आईचे हात मांडीवर. पप्पांच्या शर्टाची बाही तिच्या नाकासमोरून गेली. मग कपांचा ट्रे. तसंच. पुढे गेले.

वाटून झालं की डीकन पुढच्या बाकावर जाऊन बसतात, आणि पास्टर त्यांना देतात. आम्हाला मागून फक्त पप्पांची मान दिसली. खाली घातलेली.

घरी जेवायला बसलो. डाळीत मीठ कमी होतं, सगळ्यांनी तशीच खाल्ली.

मग तेच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी. आई कधी चुकली नाही. साडी इस्त्रीची, केस नीट, चौथा बाक. मी म्हटलं, पहिल्या रविवारी घरी राहत जा ना. ती म्हणाली, "का? मी काय चोरी केली?" मी सोळाची झाले तेव्हा पास्टरनी विचारलं, बाप्तिस्मा घेणार का. मी नाही म्हटलं. विश्वास नव्हता असं नाही. आई बाकावर आणि मी तुकडा चघळणार, हे जमणार नव्हतं. पप्पा तेव्हा टाकीच्या फळ्या उचलत होते. ऐकून थांबले, मग पुढची फळी उचलली. लहान होते तोवर ताट माझ्यासमोरून गेलेलं कोणी मोजत नव्हतं, त्यानंतर मोजायला लागले.

मी अकरावीत शाळा सोडली, मोबाइलच्या दुकानात लागले, तेव्हा पप्पा माझ्यावर ओरडले. मीपण ओरडले. मी म्हटलं, "तुम्हाला दुनियेला टाकीत घालायला टाइम आहे, घरच्या बाईला एक तुकडा द्यायची हिंमत नाही." आईने मला थोबाडीत मारली. पप्पांनी नाही. ते चप्पल घालून साडेपाचच्या ड्यूटीला गेले.

त्यानंतर आमच्यात कामापुरतं बोलणं. पाणी आलं. लाइट गेली. तुझा डबा. त्यांच्याबद्दल वाईट बोलायचा हक्क फक्त माझा होता, हेपण खरं. दुकानात एकदा भालचंद्र काकांचा मुलगा 'टाकीवाला म्हातारा' म्हणाला, तर मी त्याच्या फोनची स्क्रीन लावता लावता फोन तसाच परत दिला. जा, दुसरीकडून लावून घे.

सप्टेंबर २०२२ मध्ये पप्पा वाल्वच्या खोलीत पडले. सकाळचे सहा वाजले होते. सेक्टरला त्या दिवशी पाणी साडेनऊपर्यंत चालू राहिलं. बंद करायला कोणी नव्हतं. लोक खूश होते, मग त्यांना कळलं.

मातीला तिन्ही चर्च आली. तेलुगू आज्या 'टंकी, टंकी' करून रडल्या. ओडिया पास्टरनी प्रार्थना केली, मला एक शब्द कळला नाही. मला रडू आलं नाही. मी बघत होते की खड्ड्याची एक बाजू सरळ नाही. पप्पांना चाललं नसतं.

क्वार्टर सोडावं लागलं. आम्ही बाग सेवनियाला दोन खोल्या घेतल्या. तांब्या इथेपण कपाटावरच.

डिसेंबरमध्ये प्रकाशम अंकल आले. हातात पप्पांची वाल्वची चावी, लांब दांड्याची. नाताळच्या आधी सात जणांचा बाप्तिस्मा होता आणि टाकी भरत नव्हती. दोन दिवस झाले, पाणी येतं आणि थांबतं.

"आधी छोटा वाल्व अर्धा," मी सांगितलं. "मग मोठा. उलटं केलं तर पाइपमध्ये हवा अडकते."

"तुमको कैसे मालूम?"

"बाकावर बसून काय करायचं मग? तेच बघत होते."

ते हसले नाहीत. आईने चहा दिला. त्यांनी कप हातात धरला, प्यायले नाहीत. मग आईला म्हणाले, "भाभी, एक बात मैं ग्यारह साल छुपाया. अगर बोलता तो सातवाँ पॉइंट, बारहवाँ पॉइंट, सब का मीटिंग होता. बारहवें में लिखा है, जो डीकन खुद नहीं लेता, वो डीकन नहीं रह सकता. वो नहीं रहता तो उसका साइन भी नहीं रहता. इसलिए मैं चुप रहा."

आई भाजी निवडत होती. "काय लपवलं?"

मग त्यांनी सांगितलं. पहिल्या रविवारी दुपारी ते कप धुवायला घ्यायचे तेव्हा ट्रेमध्ये एक कप भरलेला असायचा, आणि ताटात रुमालाखाली एक तुकडा. जुलैमध्ये त्यांना वाटलं, मोजताना चूक झाली. ऑगस्टमध्ये परत. सप्टेंबरमध्ये ते लवकर येऊन दारातून बघत उभे राहिले. पास्टरनी पुढच्या बाकावर पप्पांना तुकडा दिला. पप्पांनी घेतला, मान खाली घातली, आणि मूठ उघडलीच नाही.

कपातलं ते प्रकाशम अंकल दर महिन्याला पपईच्या मुळाशी ओतायचे.

"कधीपासून?" आईने विचारलं.

"पहले दिन से, भाभी. जिस दिन आपको नहीं दिया. उसके बाद एक बार भी नहीं."