रुमालाखालचा लिलाव

छप्पन सालच्या डिसेंबरातली थंडी म्हणजे तोंड उघडलं की वाफ. कारंजाच्या कापूसबाजारात गुलाम नबी दलाल एका गाडीत खांद्यापर्यंत हात खुपसून उभा होता. मधातला मूठभर कापूस काढून त्यानं गालाला लावला आणि गाडीवाल्या सोमलाला म्हणाला, "दव पडलं म्हंतं? दव वरून पडते बापा, मधातून नाई. वजनापायी रातभर पान्याचे हंडे वतले काय?"

सोमला दात काढून हसला. "तुमच्या गालाले कोन फसवन, मियाँ!"

त्या दिवशी गुलाम नबीनं दहालाच बाजार सोडला. गावातल्या कलासंग्रहालयात त्याला लिलाव पुकारायचा होता. संग्रहालय म्हणजे दोन खोल्या. ड्रॉइंगमास्तर दौलतरावांनी पंचवीस वर्षं गोळा केलेली चित्रं, कोरीव खांब, तांड्यावरचं भरतकाम. कवेलू फुटले, पाणी चित्रांवर गळू लागलं, म्हणून वर टिनं टाकायला मास्तरांनी स्वतः काढलेली चित्रं प्रदर्शनात मांडली आणि विकायला काढली.

त्यातलं एक गुलाम नबीच्या बापाचं होतं. म्हाताऱ्यानं जन्मभर फोटो काढू दिला नव्हता. तो गेल्यावर मास्तरांनी आठवणीनं रंगवलेला. छातीपर्यंत दाढी, हातावर दलालीचा हिरवा रुमाल. गुलाम नबीचा जीव त्या चित्रात अडकला होता. पण पुकारणाऱ्यानं स्वतः माल घ्यायचा नाही, हा बाजाराचा रिवाज. म्हणून त्याच्या बायकोनं, जैतुनबीनं, पंधरा रुपये देऊन आपल्या भावाला पाठवलं. हा रहमतुल्ला बांगड्या विकायचा. पहिल्या रांगेत, नवी टोपी घालून बसला होता.

"बोला, गाईचं चित्र! बोला शेठ!"

कोणी बोलेना. व्यापारी फुटक्या कवेलूंकडे पाहत बसले. चारचौघांत कागदाच्या गाईचे दहा रुपये बोलावे, तर उद्या बाजार म्हणणार शेठ पागल झाला. दोन बोलावे, तर चिक्कू.

मास्तर रडकुंडीला आले. "बुडलो गा, गुलाम नबी!"

"तुमी चूप बसा, मास्तर." गुलाम नबीनं खांद्यावरचा रुमाल उजव्या हातावर पसरला. "या एकेक. बाजारात येता तसे."

बस्स! कापसाचा भाव जसा रुमालाखाली बोटं दाबून सांगतात, तसा चित्रांचा भाव निघू लागला. पुरा पंजा दाबला की पाच, एक बोट दाबलं की एक. कोण किती बोललं हे फक्त गुलाम नबीला कळे, आणि तो जास्तवाल्याचं नाव पुकारी. गाय गेली, पैनगंगा गेली, टोपलीतली सीताफळंही गेली.

मग बापाचं चित्र आलं. रहमतुल्लानं रुमालाखाली तीन पंजे दाबले. पंधरा. बाकीचे दहाच्या आत. गुलाम नबीचा चेहरा उजळला. तेवढ्यात अडतवाले रामकिसनशेठ ढेरी सावरत उठले. त्यांनी हात घातला. तीन पंजे. आणि वर एक बोट.

गुलाम नबीनं हात सोडलाच नाही. ते एक बोट जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि शेठला रहमतुल्लाचा आकडा ठाऊक नव्हता.

"काय झोप लागली का मियाँ?" शेठ म्हणाले. लोक हसले.

"रामकिसनशेठ!" गुलाम नबी ओरडला. नेहमीपेक्षा जरा मोठ्यानंच.

शेठनं मास्तरांपुढं सोळा रुपये मोजले, तसा रहमतुल्ला तडक उठून बहिणीकडे गेला.

चित्र काखेत मारून शेठ निघाले, तेव्हा गुलाम नबीनं विचारलं, "कुठं लावसान?"

"दुकानात, गादीमागं. माहा पयला सौदा यानंच करून देल्ला होता ना."

"मंग मले रोज दिसन."

"पाह्य ना रोज. त्याचे पैसे दलालीतून कापतो!"

घरी जैतुनबी दारातच उभी. "एका बोटापायी सोडलं तुमी बापाले?"

"मंग तू सोळा कायले नाई देल्ले?"

तिनं दारातून बाजूला होऊन वाट दिली. "उद्या येतो मी शेठच्या दुकानात," ती म्हणाली. "पाहून तं घेतो, दाढी बरोबर काढली का नाई."

"येजो."

मागल्या अंगणात बकरी कधीची ओरडत होती. गुलाम नबीनं टोपी खुंटीला अडकवली, बाभळीच्या शेंगा टोपल्यात घेतल्या आणि तिच्यापुढे ओतायला गेला.